दोन दिवसांच्या पाहुण्याला प्राण्याचं दुखणं कसं कळावं?

सायली_व

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहूनच टाकते.

पुढच्या सुट्टीत आम्ही थायलंडला जातोय. लेक आठ वर्षांची आहे. कुठल्याशा व्हिडिओत तिने हत्तीला नदीत आंघोळ घालणारी मुलं पाहिली आणि तेव्हापासून तिचा एकच धोशा, "आई, मला पण हत्तीला आंघोळ घालायची." शोधायला बसले तर अशी ठिकाणं ढिगाने निघाली. कुणाच्या नावात 'अभयारण्य', कुणाच्या नावात 'बचाव केंद्र'. फोटो मात्र सगळ्यांचे सारखेच. चिखलाने माखलेले हसरे पाहुणे आणि मधोमध शांत उभा हत्ती.

तो शांत हत्तीच मला खटकतोय. दहा वर्षांपूर्वी एका सहलीत आम्ही हत्तीवर बसलो होतो. तोही असाच शांत होता. माहुताच्या हातात अंकुश होता आणि हत्तीच्या कानामागे ओली जखम होती, वर जांभळं औषध फासलेलं. मी ती पाहिली. पाहूनही वर चढले आणि फोटो काढून घेतला. फोटो कधीच पुसून टाकलाय, जखम काही डोळ्यांपुढून जात नाही.

म्हणून विचारते. आपण दोन दिवसांचे पाहुणे. समोरचा प्राणी सुखात आहे की नाही, हे आपण कशावरून ओळखायचं? की जवळ जाणंच सोडायचं? फक्त हत्तींबद्दल नको, डॉल्फिन, वाघ, पक्षी, प्रवाळ, झाडं, ज्याला जे माहीत असेल ते लिहा.

रानभूल

जाऊ नका. हत्तीला आंघोळ घालायला माणूस लागत नाही, सोंड असते त्याला.

गोठ्यातला_डॉक्टर

सायलीताई, मी पशुवैद्य आहे. बहुतेक काम मोठ्या जनावरांचं.

आधी एक गैरसमज. एका जागी उभा राहून डावीकडून उजवीकडे झुलणारा हत्ती बघून लोक म्हणतात, "बघा, कसा मजेत डुलतोय." आपल्या भाषेतच डुलणं म्हणजे आनंद. पण साखळीला बांधलेल्या हत्तीचं ते तासन्‌तास झुलणं आनंदाचं नसतं. पिंजऱ्यातला वाघ एकाच रेषेत येरझाऱ्या घालतो, तबेल्यात कोंडलेला घोडा मान हलवत राहतो, त्याच जातीचं ते लक्षण आहे. करण्यासारखं काहीच उरलं नाही की शरीर एकच हालचाल पुन्हा पुन्हा करत राहतं.

दुसरं म्हणजे शांतपणा. हत्ती हा कुत्र्यासारखा हजारो वर्षं माणसाने निवडून पैदास केलेला प्राणी नाही. माणसाळवलेला हत्तीही मुळात रानटीच. अनोळखी वीस माणसांनी अंगावर पाणी ओतलं, कान धरले, तरी तो हलत नसेल, तर कधीतरी त्याला न हलायला शिकवलेलं असतं. थायलंडमध्ये पिल्लाला आईपासून तोडून, लाकडी चौकटीत जखडून वठणीवर आणायच्या जुन्या रीतीला 'फाजान' म्हणतात. प्रत्येक हत्ती त्यातून गेलेला असतो असं मी म्हणणार नाही. पण पाठीवर बसा नाहीतर बादलीने पाणी ओता, दोन्हींसाठी लागणारा हुकूम तोच असतो.

मी स्वतः एकच गोष्ट बघतो. प्राण्याला तिथून निघून जायचं असेल तर जाता येतं का? आणि तो निघाला की त्याला कुणी परत वळवून आणतं का? हे बघायला पशुवैद्य असावं लागत नाही. पंधरा मिनिटं हातातला फोन खाली ठेवून उभं राहिलं तरी पुरतं.

मीनल७

डॉक्टर, 'निघून जाता येतं का' हे वाचून अंगावर काटा आला. डॉल्फिनच्या खेळाला गेले होते लहानपणी. किती हसरे होते ते!

गोठ्यातला_डॉक्टर

मीनलताई, ते हसू म्हणजे जबड्याची ठेवण. डॉल्फिन आजारी असला तरी चेहरा तसाच दिसतो, मेल्यावरही तसाच. चिंपांझीचंही बघा. दात विचकलेला चिंपांझी आपल्याला हसताना दिसतो, पण पुष्कळदा ते भ्यायल्याचं लक्षण असतं. आपण आपलाच चेहरा त्यांच्यावर चिकटवतो.

खारुताई

भारतात 2013 पासून डॉल्फिनचे खेळ सुरू करायला परवानगी नाही. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने तसं परिपत्रक काढलं होतं. हे फार कमी जणांना माहीत असतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

निशाचर

लाजवंती वानरांचा, म्हणजे स्लो लोरिसचा तो गाजलेला व्हिडिओ आठवतोय का? काखेत गुदगुल्या केल्या की हात वर करून बसतो तो. मीही तो चार जणांना पाठवला होता. नंतर कळलं की हात वर करणं हा त्याचा बचाव. त्याच्या दंडाच्या आतल्या बाजूला एक ग्रंथी असते. तिचा स्राव लाळेत मिसळला की विष तयार होतं. हात वर करून तो त्या ग्रंथीपर्यंत तोंड नेण्याची तयारी करत असतो. विषारी दंश करणारे सस्तन प्राणी मोजकेच, त्यातला हा एक. म्हणून फोटोसाठी रस्त्यावर घेऊन बसणारे आधी त्याचे दात तोडतात. वर हा निशाचर प्राणी, भर उन्हात डोळे दिपलेल्या अवस्थेत या हातातून त्या हातात फिरत असतो.

मांजराचा होतो खेळ आणि उंदराचा जातो जीव. ते मांजर आपण आहोत.

किनारा

सगळ्यांचं वाचलं. थोडा विरोध नोंदवतो. मी वीस वर्षं सहली नेण्याच्या धंद्यात आहे, त्यामुळे माझं बोलणं त्या बाजूने झुकेल, हे धरूनच वाचा.

'जाऊ नका' म्हणणं सोपं आहे. पण थायलंडमधले हत्ती पर्यटनात आले कसे? तिथे 1989 साली जंगलतोडीवर बंदी आली. तोपर्यंत हे हत्ती लाकूड ओढत होते. बंदीनंतर माहूत आणि हत्ती एकाच दिवशी बेकार झाले. काही जण हत्ती घेऊन शहरात भीक मागत फिरायचे, डांबरी रस्त्यावर, वाहनांच्या गर्दीत. पर्यटकांच्या तळांवर त्यांना निदान चारा मिळायला लागला. मोठा हत्ती दिवसाला दीडशे किलोच्या आसपास खातो. 2020 मध्ये पर्यटन ठप्प झालं तेव्हा अनेक माहूत आपापले हत्ती घेऊन दीडशे किलोमीटरपर्यंत चालत गावाकडे गेले, कारण तळांवर चाऱ्याचे पैसे उरले नव्हते. त्या वर्षी एकाही पर्यटकाने हत्तीला त्रास दिला नाही. हत्ती उपाशीच राहिले.

माहुतालाही पोरंबाळं आहेत. त्याच्याकडे खलनायक म्हणून बघू नका एवढंच.

रानभूल

किनारा, तुमचं म्हणणं पटलं. माझं पहिलं उत्तर घाईत दिलेलं होतं. पण हत्तीचं पोट भरायचं तर त्याच्या पाठीवर बसलंच पाहिजे, हे कुठून आलं? लांबून बघायचेही पैसे देता येतात ना?

किनारा

देता येतात, आणि देणारे वाढतायत. काही तळांनी आंघोळ, स्वारी दोन्ही बंद करून हत्ती मोकळे सोडलेत. पाहुणे उंचवट्यावरून नाहीतर मचाणावरून बघतात. माहूत तिथेच आहे, नोकरी तीच आहे, त्याने अंकुश चालवावा अशी पाहुण्यांची मागणी मात्र उरलेली नाही. माझ्या धंद्यातली खरी अडचण अशी की दहातले आठ गिऱ्हाईक विचारतात, "हात लावायला मिळेल ना?" नाही म्हटलं की ते दुसरीकडे जातात.

आकडेमोड

गिऱ्हाइकाला दोष देण्याआधी एक ऐका. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2015 मध्ये जगभरातली प्राण्यांची पर्यटनस्थळं तपासली आणि तिथे जाऊन आलेल्यांचे अभिप्राय वाचले. जिथे प्राण्यांचे हाल होत होते, तिथेसुद्धा पाचातल्या चार पाहुण्यांना ते दिसलेच नाहीत, किंवा दिसूनही त्यांनी लिहिलं नाही. म्हणजे 'अभिप्राय चांगले आहेत' यावरून काहीही कळत नाही. सायलीताईंनी जखम पाहिली आणि आठवणीत ठेवली, हेच विरळा आहे.

मुक्ताई_

माझा अनुभव. मुलाने अशीच हत्तीच्या आंघोळीची टकळी लावली होती. मी म्हटलं, "तुला रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत अनोळखी लोक येऊन दहा वेळा आंघोळ घालायला लागले तर?" तो म्हणाला, "आई, मला तर तू घातलेली एकसुद्धा नको असते." प्रश्न तिथेच मिटला. :)

पाणवठा

मी बारा वर्षं व्याघ्रप्रकल्पात गाईड म्हणून काम केलं. कुठल्या ते सांगत नाही.

मोकळ्या जंगलातला प्राणी सुखी असतो असं धरून चालू नका. एखाद्या गाडीला वाघ दिसला की दहा मिनिटांत वीस जिप्सी तिथे जमतात. वाघीण पिल्लांना घेऊन पाणवठ्याकडे निघालेली असते आणि वाटेवर गाड्यांची भिंत उभी. ती झुडपात बसून राहते. एकदा मे महिन्यात एक वाघीण तशी दोन तास बसलेली मी पाहिली. पिल्लं पाण्यासाठी कुंईकुंई करत होती. गाडीतले म्हणत होते, "थोडं पुढे घ्या ना, तोंड दिसत नाहीये." मी तेव्हा ड्रायव्हरला मागे घे म्हणालो नाही. साइटिंग झालं की टिप मिळते, आणि घर टिपवर चालत होतं. ती गोष्ट मला आजही बोचते.

मागे व्हायला सांगणारा पाहुणा वर्षाकाठी एखादा भेटायचा. पण तो भेटला की आमचंही बळ वाढायचं. "साहेब म्हणतायत मागे घ्या," असं म्हटलं की कुणी बोलायचं नाही. तुम्ही तो एक पाहुणा व्हा, माझं एवढंच मागणं आहे.

आकडेमोड

पाणवठा, तुम्ही जे डोळ्यांनी पाहिलं त्याचे आकडेही आहेत. केनियातल्या मसाई माराच्या परिसरात चित्त्यांच्या माद्यांचा अभ्यास झाला, 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. पर्यटक कमी असलेल्या भागात एका वेतातली सरासरी 2.3 पिल्लं मोठी होऊन स्वतंत्र झाली. गर्दीच्या भागात 0.2. चित्ता दिवसा शिकार करतो, नेमकी आपल्या सफारीच्या वेळेला. गाड्यांच्या घोळक्यात शिकार हुकते, मारलेली शिकार सोडून द्यावी लागते, आणि पिल्लं उपाशी राहतात किंवा हरवतात.

जोंधळा

2.3 आणि 0.2? टंकनचूक नाही ना?

आकडेमोड

नाही. मीही दोनदा तपासला होता.

धोबीण_पक्षी

मला एक कबुली द्यायची आहे. मी पक्षिनिरीक्षक. आमच्यात 'कॉल वाजवणं' चालतं. फोनवर पक्ष्याचा आवाज लावायचा, म्हणजे तो पक्षी कुणी परका नर आपल्या हद्दीत घुसला असं समजून उघड्यावर येतो. छान फोटो मिळतो. मी वर्षानुवर्षं ते केलं. विणीच्या हंगामात एकदा एक नर माझ्या फोनभोवती अर्धा तास घिरट्या घालत होता, चोचीत धरलेली अळी तशीच. पिल्लं घरट्यात ओरडत होती. ती अळी बघितल्यावर मी फोन बंद केला आणि पुन्हा कधी वाजवला नाही. आमच्या मंडळींत हे सांगितलं तर दोघातिघांनी बोलणं कमी केलं.

मीनल७

ती चोचीतली अळी विसरता येणार नाही आता.

खोलपाणी

समुद्राबद्दल मी लिहितो. पाणबुड्या आहे, हौशी.

प्रवाळ दगडासारखं दिसतं म्हणून लोक त्यावर उभे राहतात. ते जिवंत प्राण्यांची वसाहत असतं. गोलाकार, भरीव प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं. पोहताना पायात घालतात त्या फ्लिपरच्या एका फटक्यात कुणाच्या तरी जन्माआधीपासूनची वाढ तुटते. अमेरिकेतल्या हवाई बेटांनी ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही प्रवाळाला अपायकारक समजली जाणारी रसायनं असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर 1 जानेवारी 2021 पासून बंदी आणली, पलाऊ या पॅसिफिकमधल्या छोट्या बेट-देशाने त्याच्या वर्षभर आधीच तसल्या सनस्क्रीनना मज्जाव केला. सोपा उपाय म्हणजे लांब बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा घाला, मलम कमी लागतं.

आणि डॉल्फिनबरोबर पोहण्याच्या सहली! हवाईतले स्पिनर डॉल्फिन रात्री खोल पाण्यात शिकार करतात आणि दिवसा उथळ खाडीत येऊन झोपतात. बोटी तिथे पोचतात तेव्हा त्यांची मध्यरात्र असते. म्हणून 2021 मध्ये किनाऱ्यापासून दोन सागरी मैलांच्या आत त्यांच्या 50 यार्डांपेक्षा जवळ जायला बंदी आली.

चांगलं उदाहरणही देतो. थायलंडची माया बे नावाची चिमुकली खाडी, दिवसाला हजारो पर्यटक, बोटींच्या नांगरांनी प्रवाळ उद्ध्वस्त. जून 2018 मध्ये ती बंद केली, थेट जानेवारी 2022 मध्ये उघडली. मधल्या काळात काळ्या टोकाच्या पंखांचे शार्क उथळ पाण्यात परत आले. आता बोटी खाडीत शिरत नाहीत, मागच्या बाजूला लागतात. सायलीताई, तिकडे जाणारच आहात तर बघा.

जोंधळा

सगळं ठीक, पण विमानाने तिकडे जाण्याचं काय? प्रवाळ मुळात मरतंय ते पाणी तापल्यामुळे. ऑस्ट्रेलियाची ग्रेट बॅरियर रीफ, म्हणजे ती प्रचंड प्रवाळरांग, 2016 आणि 2017 अशी लागोपाठ दोन वर्षं पांढरी पडली, ती काही सनस्क्रीनने नाही. विमानातून उतरून सनस्क्रीनची बाटली तपासायची, हे मला पटत नाही.

खोलपाणी

जोंधळा, तुमचं बरोबर आहे, उष्णता हेच मोठं संकट. त्यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही. मी लांबचा प्रवास दर चार वर्षांतून एकदा करायचं ठरवलंय आणि गेलो की जास्त दिवस राहतो. पण आधीच तापाने फणफणलेल्याला आपण निदान लाथ तरी मारू नये ना?

गुहाचर

झाडांबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून. न्यूझीलंडमध्ये कौरी नावाचे प्रचंड वृक्ष आहेत, त्यातल्या काहींचं वय हजार वर्षांहून जास्त. मातीतल्या एका सूक्ष्मजीवामुळे त्यांची मुळं कुजतात. तो पसरायला टाचणीच्या डोक्याएवढी माती पुरते आणि ती जाते आपल्या बुटांना चिकटून. म्हणून तिथे जंगलात शिरताना आणि बाहेर पडतानाही बूट घासून निर्जंतुक करावे लागतात. मी रांगेत उभा होतो, पुढचे एक गृहस्थ कुरकुरत होते की झाड बघायला एवढा सोपस्कार कशाला. मला तर देवळात शिरताना पाय धुतो तसंच वाटलं.

वटवाघळांचंही तेच. 2006 मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत नाकावर पांढरी बुरशी आलेली वटवाघळं पहिल्यांदा दिसली. ही बुरशी युरोपातली, बहुधा माणसांबरोबरच समुद्र ओलांडून आली. तिच्यामुळे वटवाघळं शीतनिद्रेतून पुन्हा पुन्हा जागी होतात, साठवलेली चरबी जळून जाते आणि हिवाळा संपायच्या आत ती मरतात. अशी लाखो मेली. मी एका गुहेत वापरलेली दोरी आणि बूट दुसऱ्या गुहेत नेत नाही.

निशाचर

अवांतर: काजवे बघायला जाणाऱ्यांनो, बॅटरी आणि फ्लॅश बंद ठेवा. काजव्याचा उजेड म्हणजे जोडीदाराला घातलेली साद. काही जातींच्या माद्यांना पंख नसतात, त्या गवतात खालीच असतात. वाट सोडून चाललं की त्याच पायाखाली येतात.

शेवंता

इतकं वाचून मला तर कुठेच जाऊ नये असं वाटायला लागलंय. घरी बसणं बरं.

किनारा

शेवंताताई, असं नका करू. पर्वतीय गोरिलांचं ऐका. 1981 मध्ये आफ्रिकेतल्या विरुंगाच्या डोंगरांत ते जेमतेम अडीचशे उरले होते. अलीकडच्या मोजणीत विरुंगा आणि युगांडातलं ब्विंडीचं जंगल मिळून 1,063 भरले. 2018 मध्ये त्यांचा धोक्याचा दर्जाही एक पायरी खाली आला. पहारा, पशुवैद्य, आजूबाजूच्या गावांना वाटा, यातलं पुष्कळसं पर्यटकांच्या पैशावर चालतं. पण नियम कडक. एका कुटुंबाला दिवसाला आठच माणसं, तीही एकच तास, आणि अंतर राखून. सर्दी झाली असेल तर परत पाठवतात, कारण आपली सर्दी त्यांना लागते आणि जिवावर बेतू शकते. मी एकदा गेलो होतो. माझ्या सोबतच्या बाईंना खोकला होता, त्यांना खाली थांबवलं. त्या रडल्या. गाईडही हळहळला, पण सोडलं नाही.

पाणवठा

असा गाईड व्हायला हवं होतं मी.

गोठ्यातला_डॉक्टर

पाणवठा, तुम्ही इथे लिहिलंत ते वाचून कुणीतरी पुढच्या सफारीत 'मागे घ्या' म्हणेल. स्वतःला एवढं टोचू नका.

सायली_व

चार दिवसांनी येतेय, सगळं वाचलं. काही उत्तरं दोनदोनदा. मनापासून आभार.

मधल्या काळात मी पाच ठिकाणांना पत्रं लिहिली. डॉक्टरांच्या कसोटीवरून तीन प्रश्न काढले. हत्तीला पाहुण्यांपासून दूर जाता येतं का? रात्री ते साखळीला असतात का, आणि साखळी किती लांब? तुमच्याकडे पिल्लं जन्मतात का, आणि मोठी झाल्यावर ती कुठे जातात?

दोघांनी उत्तरच दिलं नाही. एकाने फक्त सवलतीचं पत्रक पाठवलं. चौथ्याने लिहिलं की हत्तींना माणसं फार आवडतात, काळजी नसावी. पाचव्याचं उत्तर लांबलचक होतं. आमच्याकडे हात लावता येत नाही, आंघोळ घालता येत नाही, कधीकधी हत्ती झाडीत निघून जातात आणि दिवसभर दिसत नाहीत, त्या दिवशी पैसे परत मिळणार नाहीत, हे आधीच लक्षात घ्या. रात्री काही हत्तींना अजूनही लांब साखळी लावावी लागते, कारण शेजारी शेतं आहेत, आणि आम्ही कुंपणासाठी पैसे जमवतोय, असंही त्यांनी लिहिलं. कमीपणा न लपवता सांगितला म्हणून मला तेच ठिकाण बरं वाटलं.

लेकीला सांगितलं तेव्हा ती रुसली. मग मी तिला कानामागच्या जखमेची गोष्ट सांगितली. आजवर कुणाला सांगितली नव्हती, नवऱ्यालाही नाही. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तू त्याला सॉरी म्हणालीस का?" नाही म्हटलं. तेव्हापासून ती त्या हत्तीसाठी चित्र काढतेय.

हत्ती झाडीत गेले तर जातील. आता एकच प्रश्न. लांबून बघायचं तर तिच्यासाठी दुर्बीण कुठली घेऊ? आठ वर्षांच्या मुलीच्या हातात पेलेल अशी.

धोबीण_पक्षी

आठ बाय बत्तीसची घ्या, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, बत्तीस मिलिमीटर भिंगाची. दहा पटीची नको, लहान हातांत चित्र थरथरतं. आणि दोन डोळ्यांमधलं अंतर तिच्या चेहऱ्याला पुरेसं कमी होतंय ना, ते दुकानातच बघून घ्या.

मुक्ताई_

आणि चित्र झालं की इथे लावा.